तांब्याच्या जाळीने कॉलम भरताना: माझा अनुभव

न्यूझीलंडमध्ये स्वतःच्या वापरासाठी घरी मद्य गाळायला १९९६ पासून परवाना लागत नाही. ते विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार हेच काम विनापरवाना करणे गुन्हा आहे, त्यामुळे पुढचे सर्व लेखन ऑकलंडमधल्या माझ्या गॅरेजपुरतेच आहे, हे आधीच स्पष्ट करतो.

मला आंबवलेल्या साखरपाण्यातून शक्य तितका गंधहीन अल्कोहोल हवा होता, कारण त्यात संत्र्याची साल मुरवायची होती. गोव्याची काजूची फेणी, जिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तांब्याच्या भांड्यातून साधेपणाने गाळतात आणि ते योग्यच आहे. तिथे बोंडांचा वास टिकवायचा असतो. मला नेमके उलटे हवे होते, आणि त्यासाठी उभा कॉलम, म्हणजे उकळत्या भांड्यावर बसवलेली वाफेची नळी, आत जाळीने नीट भरलेला असावा लागतो. वर चढणारी वाफ आणि माथ्यावरच्या कंडेन्सरमध्ये थंड होऊन खाली परतणारा द्रव यांची जाळीच्या तारेतारेवर गाठ पडते. प्रत्येक भेटीत अल्कोहोलचा वाटा वर सरकतो आणि पाण्याचा खाली उतरतो. ही भेट किती ठिकाणी आणि किती समप्रमाणात होते, यावरच सगळे अवलंबून असते.

स्टेनलेस स्टीलच्या घासण्यांनीही हे काम होते. तरीही मी तांबे निवडले, कारण आंबवताना तयार होणारी, सडक्या अंड्यांसारखा वास देणारी गंधकयुक्त संयुगे तांबे स्वतःकडे धरून ठेवते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी जाळीही मिळते, म्हणून विकत घेतलेल्या जाळीवर प्रथम लोहचुंबक फिरवला आणि एक तार कापून तिचा छेद भिंगातून पाहिला. तो आतपर्यंत लालसर होता.

माझा कॉलम आतून ५० मिमी व्यासाचा आहे आणि जाळी भरायचा भाग ९० सेंमी उंच, म्हणजे आतली जागा सुमारे पावणेदोन लिटर. त्यात साधारण ४०० ग्रॅम जाळी बसली. तांब्याच्या घनतेचा हिशोब केला तर एवढा धातू जेमतेम ४५ मिली जागा व्यापतो. ९७ टक्क्यांहून अधिक जागा वाफेला मोकळीच राहते. जाळी ठासून भरण्याचा मोह आवरण्यासाठी हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. फार घट्ट भरल्यास खाली येणारा द्रव वाफेच्या जोराने वरच अडकतो आणि कॉलम तुंबतो. फार सैल भरल्यास वाफ सोपी वाट शोधून निसटते आणि द्रव भिंतीवरून ओघळून जातो.

जाळी साडेबारा सेंमी रुंद, पायमोज्यासारख्या पोकळ विणीची होती. तिचे तुकडे कापून, कापलेल्या कडा आत दुमडून, सुरळीच्या वडीसारख्या गुंडाळ्या केल्या. फक्त दोन्ही टोकांकडून मध्याकडे गुंडाळल्या, म्हणजे मध्यभागी पोकळ नळी राहत नाही. प्रत्येक गुंडाळी कॉलमच्या व्यासापेक्षा किंचित जाड ठेवली. आत घालताना ती पीळ देऊन बारीक करायची, लाकडी दांड्याने हलकेच जागेवर सरकवायची आणि मग उलट पीळ देऊन सोडायची. ती फुलून भिंतीला सगळीकडून टेकते. हा क्षण बोटांना स्पष्ट जाणवतो, आणि माझ्या मते संपूर्ण कामातली कौशल्याची जागा हीच आहे. पुढची गुंडाळी पाव फेरी फिरवून बसवली. तळाशी स्टीलची भोके पाडलेली चकती आधाराला आहे.

भरून झाल्यावर खालून तोंडाने फुंकून पाहिले. हवा विनासायास वर गेली पाहिजे. ही तपासणी कधीही टाळू नये, कारण वाट बंद झाल्यास खालच्या भांड्यात दाब साचतो. त्यानंतर वरून मधोमध पाण्याची बारीक धार सोडली. तळाच्या चकतीखालून थेंब सगळीकडून पडत होते, केवळ कडेने नव्हे.

पहिली फेरी पाणी आणि व्हिनेगर घालून, केवळ धुण्यासाठी केली. प्रत्यक्ष गाळताना विजेचा हीटर वापरला, ज्वाला जवळ ठेवली नाही आणि गॅरेजचे दार उघडे ठेवले. सुरुवातीला काहीही बाहेर न काढता सगळा द्रव परत खाली पाठवत राहिलो, माथ्यावरचे तापमान ७८ अंशांच्या आसपास स्थिर होईपर्यंत. एकदा आतून गुडगुड ऐकू येऊ लागली. हीटरची शक्ती थोडी कमी करताच ती थांबली. अल्कोहोलमापकाने २० अंशांना ९३ टक्के दाखवले. एका वातावरणाच्या दाबाखाली साध्या ऊर्ध्वपातनाने सुमारे ९७ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही, त्यामुळे मी समाधानी आहे.

जाळी बाहेर काढली तेव्हा खालच्या गुंडाळ्या काळवंडलेल्या होत्या आणि वरच्या बऱ्याच अंशी लखलखीत. काळ्या पडलेल्या गुंडाळ्या गरम पाण्यात सायट्रिक आम्ल घालून बुडवल्या, खळखळून धुतल्या आणि उन्हात पूर्ण वाळवूनच ठेवल्या, कारण ओल्या तांब्यावर हिरवा कळंक चढतो.