दादाचा पाय, दादाचा कान आणि निराधारचा पगार

डॉक्टर म्हणाले, "त्या दरवाज्यापर्यंत चालून दाखवा." आणि माझा दादा, जो घरात मोरीपर्यंत जातानाही डाव्या मांडीवर हात दाबून पाय टाकतो, तो त्या दिवशी हात सोडून चालला. दात आवळले होते, कपाळावर घाम होता, पण चालला सरळ. मी भिंतीशी उभी होते. तो काय करतोय हे मला दिसत होतं आणि का करतोय तेही कळत होतं. शाळेत पोरं चिडवायची तेव्हापासून त्याने हेच केलं आहे. परक्या माणसासमोर पाय लपवायचा.

संध्याकाळपर्यंत निकाल कळला: अपंगत्व 37 टक्के. सरकारी पेन्शनसाठी 40 लागतात.

दादाचा जन्म 1976 चा. दीड वर्षाचा असताना पोलिओचा ताप आला आणि डावा पाय लुळा पडला. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला तेव्हा टीव्हीवरची बातमी आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिली होती. पण आधीच्या पिढीचे पाय घेऊन जगणारी माणसं गावोगाव आहेत, आणि ती आता पन्नाशीला आली आहेत. तरुणपणी जो पाय ओढून नेता आला, तो आता ओढवत नाही. दादाने 22 वर्षं पिठाची गिरणी चालवली. 2023 च्या दिवाळीनंतर डबे उचलणं अशक्य झालं आणि गिरणी विकावी लागली. तेव्हा पहिल्यांदा घरात शब्द निघाला, निराधारचा पगार. सरकारी कागदावर ती संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, पण आमच्याकडे सगळे तिला पगारच म्हणतात.

त्याच्याकडे शाळेच्या वेळचं हाताने लिहिलेलं अपंगत्वाचं प्रमाणपत्र होतं. घडीवर फाटलेलं, शिक्का पुसट झालेला. ते आता चालत नाही असं कळलं. 2021 पासून प्रमाणपत्र केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच निघतं आणि त्यासोबत यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगाचा ओळख क्रमांक मिळतो. जुन्या कागदाची नोंद दवाखान्याच्या वहीत सापडली असती तर तीच पुढे चढवता आली असती. ती सापडली नाही. म्हणून अर्ज नवा, तपासणीही नवी. अर्ज भरायला फार वेळ लागत नाही: आधार, फोटो, सही, पत्ता, दिव्यांगत्वाचा प्रकार आणि कोणत्या दवाखान्यात तपासणी हवी ते. मी प्रकारात फक्त "चलनवलन" निवडलं. आमच्या दृष्टीने दादा म्हणजे त्याचा पाय, दुसरं काही डोक्यातच आलं नाही. या एका टिचकीने आमचे सात महिने घेतले.

दिव्यांगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाच्या वारी आम्ही सकाळी सातला दवाखान्यात होतो. मी सोबत जाड फाईल नेली होती. गिरणीचं कर्ज, वहिनीच्या ऑपरेशनची बिलं, पुतण्याच्या कॉलेजची फी. डॉक्टरांपुढे बसल्या बसल्या मी घरची परिस्थिती सांगायला लागले. त्यांनी मला थांबवलं. "ताई, हे तहसीलला सांगा. मला पाय बघू द्या." मला फार लागलं ते. बाहेर येऊन मी रडले. पण नंतर कितीतरी दिवसांनी पटलं, की त्या एका वाक्यात त्यांनी मला सगळी प्रक्रिया समजावून सांगितली होती.

दवाखाना विचारतो, शरीर किती चालतं. तहसील विचारतं, घर किती कमावतं. बँक विचारते, हा माणूस तोच आहे का आणि पैसे कोणत्या खात्यात टाकायचे. तीन खिडक्या, तीन वेगळे प्रश्न. एका खिडकीचं उत्तर दुसऱ्या खिडकीवर दिलं की अर्ज अडतो आणि आपल्याला वाटतं, यांना आपलं दुःख दिसतच नाही. टक्केवारी हे दुःखाचं माप नाहीच. पायाच्या बाबतीत सांध्याची हालचाल किती, स्नायूंत जोर किती, पाय किती आखूड आहे हे टेपने आणि हाताने दाबून मोजतात. शिवाय सपाट जागेवर चालणं, उतार, जिना, एका पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, हे जमतं की नाही तेही बघतात आणि त्याचे गुण त्या आकड्यात धरतात. म्हणजे दादाने दात आवळून चाललेली ती दहा पावलं त्याच्याच विरोधात गेली.

37 कळल्यावर दवाखान्याच्या फाटकाबाहेर एक माणूस आमच्याजवळ आला. "45 करून देतो," म्हणाला आणि रक्कम सांगितली. दादाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ज्यांना पैसे देऊन आकडा वाढवायचा मोह होतो त्यांना एवढंच सांगते, की 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगांसाठीचा लाभ फसवून घेणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि अशा खोट्या कागदांमुळेच खऱ्या माणसाकडे संशयाने बघितलं जातं. याची झळ आम्ही सोसली आहे.

त्याच कायद्याच्या कलम 59 मध्ये प्रमाणपत्राच्या निर्णयावर अपील करता येतं. आम्ही ते करण्याच्या तयारीत होतो. पण यूडीआयडीचं पांढरं कार्ड, म्हणजे 40 च्या आतलं, त्याविषयी विचारायला पुन्हा दवाखान्यात गेलो तेव्हा नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंनी दादाचं नाव तीन वेळा पुकारलं. तो समोर उभा होता, चार हातांवर. मी त्याला कोपर लावलं तेव्हा तो पुढे झाला. त्या बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "यांना ऐकू येतं ना नीट?"

मी "हो" म्हणणार होते. मग थांबले. दादा आपल्याच तंद्रीत असतो असं आम्ही कितीतरी वर्षं म्हणत आलो. टीव्हीचा आवाज मोठा ठेवतो म्हणून वहिनी चिडते. फोनवर बोलायला नको म्हणतो आणि पुतण्याकडे देतो. 22 वर्षं तो गिरणीच्या पट्ट्याशेजारी, त्या घरघराटात, दिवसाला दहा तास उभा होता. पाय सगळ्यांना दिसत होता. कान कुणाला दिसले नाहीत, मलासुद्धा. याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या बाईंनीच सांगितलं, अपील बाजूला ठेवा, दोन्ही प्रकार दाखवून अर्ज करा. कायद्यात आधी सात प्रकार होते, 2016 च्या कायद्याने ते 21 केले, आणि एकाच माणसात दोन प्रकार असतील तर दोन्ही धरले जातात.

दुसऱ्या तपासणीच्या आदल्या रात्री मी दादाशी बोलले. मोठ्या भावाला असं काही सांगायची माझ्यावर तोवर वेळ आली नव्हती. म्हणाले, "दादा, उद्या काही वाढवून करायचं नाही, पण काही लपवायचंही नाही. घरात जसा चालतोस तसाच चाल. ऐकू आलं नाही तर मान हलवू नकोस, ऐकू आलं नाही म्हण." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "लोकांसमोर मांडीवर हात ठेवून चालायला मला अजून जमत नाही गं."

सकाळी तो हात ठेवून चालला. उकिडवं बसायला सांगितलं तेव्हा "जमत नाही" म्हणाला. मला वाटतं हे दोन शब्द उच्चारणं त्याला गिरणी विकण्याइतकंच जड गेलं असेल. पायाचे 43 टक्के आले. कानाची तपासणी बंद खोलीत झाली. कानावर हेडफोन आणि हातात बटण, आवाज आला की दाबायचं. काचेतून मी बघत होते, बराच वेळ त्याचं बोट हललंच नाही. कानाचे 41 आले.

आता 43 आणि 41 म्हणजे 84 असं मी मनात धरलं होतं. तसं नसतं. मोठा आकडा पूर्ण धरतात. 90 मधून तो वजा करून जे उरतं त्याला लहान आकड्याने गुणतात, 90 ने भागतात आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवतात. 90 वजा 43 म्हणजे 47. 47 गुणिले 41 भागिले 90, साधारण 21. एकूण 64. कायमस्वरूपी. 40 ते 79 ला पिवळं कार्ड, 80 आणि त्याच्या वर निळं. हा हिशोब आधी माहीत असता तर निकाल बघून मनाला चटका बसला नसता, म्हणून इतक्या सविस्तर लिहिते आहे.

64 ने काय मिळतं आणि काय नाही, याबद्दल आम्हाला दहा जणांनी दहा गोष्टी सांगितल्या. केंद्राची जी इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन आहे तिला 80 टक्के आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब लागतं, ती दादाला नाही. एसटीत तिकिटाला 75 टक्के सवलत मिळते, ती मिळाली. रेल्वेची सवलत मात्र नुसत्या टक्क्यांवर मिळत नाही. पायाच्या बाबतीत सोबतीशिवाय प्रवास करता येत नाही असं त्यांच्याच नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, तो अर्ज आम्ही वेगळा दिला. आयकराच्या सवलतीबद्दल एकाने खूप सांगितलं, पण ज्याला करच लागत नाही त्याला त्याचा काय उपयोग?

मग तहसील. निराधारसाठी वय 18 ते 65 च्या आत, महाराष्ट्रात 15 वर्षांचं वास्तव्य, आणि दिव्यांगाच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 50,000 पर्यंत. इतर निराधारांना ही मर्यादा 21,000 आहे आणि आम्हाला सुरुवातीला तोच आकडा सांगून परत पाठवलं होतं. दुसऱ्यांदा जाताना आम्ही दिव्यांगांसाठीच्या मर्यादेचा कागद सोबत घेऊन गेलो, तेव्हा अर्ज घेतला. पोचपावती मागून घेतली. ती मागितल्याशिवाय मिळाली नाही. उत्पन्नाचा आमचा जुना दाखला पुतण्याच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला होता, गिरणी चालू असतानाचा, 72,000 चा. तो जोडला असता तर प्रकरण तिथेच संपलं असतं. गिरणी विकल्याचा कागद तलाठ्यांना दाखवून चालू वर्षाचा दाखला काढला. वहिनीच्या मजुरीसह आहे तेवढंच उत्पन्न सांगितलं. दादाची भीती वेगळी होती. तो आता दुपारी दोन तास एका दुकानात वजन करायला बसतो. "काम केलं तर पगार बंद होईल का?" असं तो रोज विचारायचा. काम करायला बंदी नाही. कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेत हवं. हे त्याला पटेपर्यंत तो चोरासारखा दुकानात जात होता.

अर्ज मंजूर करणाऱ्या समितीची बैठक लांबली. 2025 च्या सुरुवातीला मंजुरीचं पत्र आलं. आणि पैसे आले नाहीत. एक महिना, दोन महिने, तीन. तहसीलमध्ये म्हणाले जमा झालेत. पासबुकात नोंद नाही. वहिनी म्हणाली, कुणीतरी खाल्ले. प्रत्यक्षात पैसे थेट आधारवर जमा व्हायला लागले होते, आणि दादाचं आधार आम्ही दिलेल्या पासबुकाशी नव्हे, कधीतरी काढलेल्या जनधनच्या खात्याशी जोडलेलं होतं. अर्जावर कोणतंही खातं लिहा, थेट जमा होणारा पैसा आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलेलं असेल तिथेच जातो. ते खातं दादा विसरूनही गेला होता. तिथे 4,500 रुपये पडून होते. काढताना बोटाचे ठसे उमटेनात, गिरणीत झिजलेली बोटं. शेवटी आधार केंद्रात ठसे नव्याने घेतले.

दरमहा 1,500 यायचे, ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना 2,500 झाले. एवढ्यात घर चालत नाही. पण दादाच्या गोळ्या आणि विजेचं बिल आता तो स्वतः भरतो, पुतण्याकडे मागत नाही.

कानाच्या यंत्रासाठी केंद्राच्या एडिप योजनेतून शिबिरात नाव दिलं होतं, त्यालाही 40 टक्क्यांची अट आहे. यंत्र मिळालं. पहिले आठ दिवस तो वैतागला, भांड्यांचा आवाज फार होतो म्हणाला. आता सकाळी उठल्यावर आधी यंत्र लावतो. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो यंदा तो एकटा जाऊन देऊन आला. एसटीने गेला आणि एसटीने आला. संध्याकाळी मी फोन केला तर फोन पुतण्याने उचलला नाही, दादानेच उचलला.