लांब उजव्या वळणावर पळणारं ऑइल

गाडीच्या ऑइल प्रेशरच्या आलेखात खड्डा पडलेला होता, आणि ट्रॅकच्या प्रत्येक फेरीला, म्हणजे लॅपला, तो एकाच जागी होता. सरळ रस्त्यावर ६,५०० आरपीएमला ऑइल प्रेशर ४.६ बार, म्हणजे हवं तसं. दहा-अकरा नंबरच्या वळणात शिरलं की ते घसरत ०.९ वर यायचं, जवळजवळ तीन सेकंद तिथेच रेंगाळायचं, आणि वळण सुटलं की पुन्हा वर. त्या तीन सेकंदांत इंजिन साडेपाच हजारांच्या वर फिरत होतं. म्हणजे क्रँकच्या, इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पावणेतीनशे फेऱ्या, तेही पुरेसं ऑइल नसताना.

ट्रॅक होता ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. २०११ साली फॉर्म्युला वनसाठी खुला झालेला, ५.१२५ किलोमीटरचा. हौशी लोक तिथे ट्रॅक डेला आपापल्या गाड्या घेऊन येतात. आमची गाडी पुण्याहून कॅरिअरवर घालून नेली होती. दीड लिटर पेट्रोल इंजिनची सेदान, जिच्यातून तिचा मालक सोमवार ते शुक्रवार ऑफिसला जातो. सस्पेन्शन, ब्रेक पॅड, सेमी-स्लिक (ट्रॅकचे, जास्त पकड असलेले) टायर, ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) मॅपिंग, सगळं दुसऱ्या एका गॅरेजमध्ये झालेलं. माझ्याकडे गाडी आली ती ट्रॅकवर लक्ष ठेवायला आणि निघण्याआधी एकदा नजरेखालून घालायला. इतका खर्च झाला होता, पण ऑइल प्रेशरचा गेज नव्हता. मी हट्टाने ऑइलच्या दिव्याच्या स्विचजवळ टी (तीन तोंडांचा जोड) बसवून प्रेशरचा सेन्सर लावला, चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) ड्रेन बोल्टमध्ये तापमानाचा सेन्सर घातला आणि दोन्ही लॉगरला, म्हणजे आकडे नोंदवणाऱ्या यंत्राला, जोडले. लॉगरमध्ये जीपीएस आणि जी-सेन्सर असल्यामुळे प्रेशर कुठे पडलं, त्या वेळी गाडी किती जोरात वळत होती, हे एकाच पडद्यावर दिसतं.

"काका, पण दिवा तर लागला नाही," मालक म्हणाला. तो खूश होता, लॅप टाइम चांगले आले होते.

हा दिवाच लोकांना फसवतो. तो लागतो साधारण ०.३ बारच्या आसपास. उभ्या गाडीत, आयडलिंगला, तेवढं प्रेशर चालून जातं, म्हणून स्विच तसा ठेवलेला असतो. ट्रॅकवर जुना ठोकताळा असा, की दर हजार आरपीएममागे १० पीएसआय हवं. म्हणजे साडेपाच हजाराला ५५ पीएसआय, पावणेचार बारच्या वर. आमच्याकडे त्याचा चौथा हिस्साच होता, आणि दिव्याच्या हिशोबाने सगळं ठीक.

पंप गेला असेल का? नाही, सरळ रस्त्यावर प्रेशर भरपूर होतं. ऑइल कमी? पट्टी काढून पाहिली, वरच्या खुणेला होतं. तापमान ११८ अंश, त्या टायरवर आणि त्या वेगाला ते वावगं नाही. डाव्या वळणांत खड्डा नव्हता. चार नंबरला, एक किलोमीटरच्या सरळ रस्त्याच्या शेवटी कडक ब्रेक लागतो तिथे, किंचित घसरण होती. म्हणजे पंपाला ओढायला ऑइलच मिळत नव्हतं, आणि तेही फक्त लांब उजव्या वळणात.

परातीत पाणी घेऊन रिक्षात बसलं तर वळणावर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. चेंबरमध्ये तेच होतं. गाडी १ जीने (बाजूची ओढ गुरुत्वाकर्षणाइतकी) वळली की ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांत कलतो. साध्या टायरवर रस्त्यावरची गाडी तिथवर सहसा जात नाही; सेमी-स्लिकवर जाते. उजव्या वळणात ऑइल डाव्या कडेला चढतं आणि स्ट्रेनरची, म्हणजे पंप जिच्यातून ऑइल ओढतो त्या तोंडाची, जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो. छोट्या वळणात ऑइलला पळायला वेळच मिळत नाही. पण बुद्धचं हे वळण सात-आठ सेकंद संपतच नाही, आणि तेवढ्यात हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या भागात) चढलेलं ऑइलही खाली परत येत नाही. कंपनीच्या चेंबरमधला ऑइल अडवणारा पत्रा ब्रेक आणि घाटातली वळणं सांभाळण्यापुरता असतो. त्यात कंपनीची चूक नाही, गाडी त्यासाठी बनवलेलीच नाही.

शेजारच्या पिटमधून सल्ला आला: अर्धा लिटर जास्त भरा. हे पुष्कळ जण करतात, थोडा उपयोगही होतो. पण त्याहून जास्त भरलं की क्रँक ते ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. शिवाय ते ब्रीदरमधून (इंजिनच्या हवा सोडणाऱ्या नळीतून) बाहेर पडतं. मला आधी बघायचं होतं की आत काय झालंय.

ऑइल फिल्टर काढला. तो हॅकसॉने कापायचा नाही, करवतीचा कीस आत पडतो आणि मग काहीच कळत नाही. माझ्याकडे पाइप कटरसारखा फिल्टर कटर असतो. कागदाची घडी ब्लेडने सोडवली, दोन फळ्यांमध्ये दाबून ऑइल पिळून काढलं आणि उन्हात उलगडली. पाच-सहा चंदेरी कण. चुंबक फिरवला, एकही हलला नाही. लोखंड असतं तर चिकटलं असतं. हे बेअरिंगच्या शेलचं, म्हणजे क्रँकभोवती बसणाऱ्या पातळ अर्धगोल पट्टीचं, मटेरियल होतं.

"आजचं बंद," मी सांगितलं. पोराचा चेहरा उतरला. दोन सेशनचे पैसे भरलेले, हजार-दीड हजार किलोमीटर गाडी आणलेली. म्हणाला, "काका, ते वळण हळू घेतलं तर?" त्याचं वाईट वाटत होतं, पण हेल्मेट घातल्यावर कुणी वळण हळू घेत नाही. रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) शेल फिरलं की क्रँक जातो, रॉड तुटला तर ब्लॉकला भोक पडतं, आणि सांडलेल्या ऑइलवरून मागची गाडी भिंतीत जाते. ही शेवटची गोष्ट त्याला पटली. गाडी कॅरिअरवर चढली.

पुण्यात चेंबर उतरवला. तीन नंबरच्या रॉडच्या वरच्या शेलवर राखाडी थर पुसला जाऊन पट्टा पडला होता, कडेला तांबूस रंग दिसायला लागला होता. बाकीची तीन बरी होती. क्रँकच्या जर्नलवरून (शेल बसतं त्या गुळगुळीत भागावरून) नख फिरवलं, कुठेही अडकलं नाही. मायक्रोमीटरनेही माप बरोबर आलं. स्टँडर्ड शेलचा नवा सेट घातला, क्रँक वाचला. पोर्शे ९४४ चं दोन नंबरचं रॉड बेअरिंग ट्रॅकवाल्यांमध्ये असंच बदनाम आहे. ऑइल तुटलं की बहुतेकदा एखादंच बेअरिंग आधी जातं, आणि चालवणाऱ्याला टकटक ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो.

मग खरं काम. स्ट्रेनरभोवती दोन मिलिमीटर पत्र्याची चौकट केली, चारही बाजूंना बिजागरीची झडप. झडप आतल्या बाजूलाच उघडते: ऑइल स्ट्रेनरकडे येऊ शकतं, बाहेर पळताना तेच तिला दाबून बंद करतं. वर झाकण, म्हणजे ऑइल भिंतीवरून चढून निसटत नाही. वेल्डिंगने चेंबर तापून वाकतो, म्हणून तो जाड प्लेटला बोल्टने आवळून टाके घेतले. बाहेरून खडूचा लेप, आतून रॉकेल, रात्रभर ठेवलं. सकाळी खडूवर कुठेही डाग नव्हता. स्ट्रेनर आणि तळ यांतलं अंतर मुलांच्या खेळण्यातल्या क्लेने मोजलं, आठ मिलिमीटर भरलं. फार कमी असेल तर पंपाची ओढ अडते, फार जास्त असेल तर जाळी लवकर उघडी पडते. प्रत्येक झडप बोटाने पन्नास वेळा उघडून पाहिली, कारण अडकलेली झडप ही झडप नसण्यापेक्षा वाईट.

पुढच्या ट्रॅक डेला तेच सर्किट, तेच टायर. दहा-अकरामध्ये प्रेशर ३.९ च्या खाली गेलं नाही. फिल्टर पुन्हा कापला, कागद स्वच्छ.

चार नंबरच्या ब्रेकला मात्र थोडी घसरण अजून आहे, ३.१ पर्यंत. त्यासाठी अ‍ॅक्युम्युलेटर मागवला आहे: नळकांड्यात पिस्टन, एका बाजूला दाबलेली हवा, दुसऱ्या बाजूला ऑइल. इंजिनचं प्रेशर पडलं की तो साठा गॅलरीत, म्हणजे इंजिनमधल्या ऑइलच्या वाटेत, ढकलला जातो. पंपाच्या बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागेल, नाहीतर ते ऑइल उलटं चेंबरमध्ये जाईल. मालकाला आधी टर्बो बसवायचा होता. मी म्हटलं, नळकांडं मागच्या सीटच्या जागी पक्कं बांधू, चौथ्या वळणाचा आलेख सपाट होऊ दे, मग टर्बोचं बोलू. तो तयार झाला आहे.