टेक्लामधून वेल्ड सिंबॉल काढताना: मॉडेलपासून फिटरच्या हातापर्यंत, माझा अनुभव

स्टील डिटेलिंगमध्ये, म्हणजे स्टीलच्या सांगाड्याचं मॉडेल करून फॅब्रिकेशन शॉपसाठी ड्रॉइंग काढायच्या कामात, नवीन आलेल्या माणसाला बोल्ट लवकर जमतात, वेल्ड जमायला वेळ लागतो, निदान माझं तरी तसंच झालं. बोल्ट दिसतो, भोक दिसतं, नट दिसतो, चुकला तर लगेच कळतं. वेल्ड म्हणजे मॉडेलमध्ये दोन प्लेटींच्या मधे एक बारीकशी खूण, झूम केल्याशिवाय लक्षातही येत नाही. आणि तीच खूण ड्रॉइंगवर बाण, रेषा, त्रिकोण, आकडा होऊन येते आणि शॉपमध्ये कोणीतरी तिच्यावर विश्वास ठेवून इलेक्ट्रोड लावतो.

मी सिव्हिल डिप्लोमा करून सांगलीहून पुण्याला आले आणि एका डिटेलिंग ऑफिसमध्ये टेक्लावर, म्हणजे स्टीलच्या थ्रीडी मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरवर, कामाला लागले. (आमच्या ऑफिसमधले जुने लोक अजून त्याला एक्सस्टील म्हणतात, फिनलंडच्या टेक्ला कंपनीच्या या सॉफ्टवेअरचं ते आधीचं नाव, २०११ मध्ये ती कंपनी ट्रिम्बलने घेतली.) पहिला जॉब एका चालू प्लांटमधला पाईप रॅक (पाईप पेलणारा स्टीलचा सांगाडा) आणि त्याचे प्लॅटफॉर्म. मॉडेलिंग ठीक झालं, कनेक्शन कंपोनंट (प्लेट, बोल्ट, वेल्डसकट तयार जोड) टाकले, नंबरिंग केलं, आणि पहिल्या कॉलमचं असेंब्ली ड्रॉइंग (शॉपमध्ये जोडून एकच तुकडा होणाऱ्या सगळ्या पार्टचं) उघडलं तर मला कॉलमच दिसेना. बेस प्लेट, तिचे स्टिफनर, गसेट, क्लीट अशा जोडाच्या प्लेटी, प्रत्येकाचे वेल्ड सिंबॉल, एकावर एक, डायमेन्शनवर चढलेले, मोजले तर चाळीसच्या वर. आता मला वाटलं की हे साफ करणं म्हणजेच एडिटिंग, म्हणून बसले आणि एकेक सिलेक्ट करून डिलीट केले, जे ठेवले ते ओढून मोकळ्या जागेत नेले, काही ठिकाणी तर मॉडेलचा सिंबॉल काढून ड्रॉइंगमध्येच हाताने नवीन टाकला कारण तो हवा तिथे बसत होता. एका कॉलमला अडीच तास. चार दिवसांनी रिव्हिजन आली, कॉलमची उंची बदलली, ड्रॉइंग परत क्रिएट करावं लागलं आणि सगळे सिंबॉल परत हजर.

आमचे ड्रॉइंग तपासणारे चेकर सर माझ्या बाजूला खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "सिंबॉल मॉडेलमधून येतो. ड्रॉइंगमध्ये तू त्याला फक्त जागा द्यायची. तुला इथे जे पुसावंसं वाटतंय त्याचं कारण तिकडे आहे." मग त्यांनी ड्रॉइंग बंद करायला लावलं आणि मॉडेलमध्ये वेल्डवर डबल क्लिक करायला लावलं. तो डायलॉग मी तोपर्यंत नीट बघितलाच नव्हता, कंपोनंट स्वतःच वेल्ड टाकतो म्हटल्यावर बघायची गरज वाटली नव्हती. त्यात सिंबॉलच्या आडव्या रेषेच्या वरचं आणि खालचं असे दोन रकाने, प्रत्येकात वेल्डचा प्रकार, साईज, अँगल, रूट ओपनिंग (दोन पार्टमधली फट), लांबी, पिच (तुटक वेल्डच्या तुकड्यांमधलं अंतर). मग कडेला की सगळीकडून गोल, शॉप की साइट, आणि रेफरन्स टेक्स्ट, जो सिंबॉलच्या शेपटीत येतो. एवढंच. पण यातली एकेक गोष्ट पुढे कुठे जाऊन लागते ते मला एकेका चुकीने कळलं.

पहिली शॉप आणि साइटची. एका बाजूला जुनी पाईपलाईन होती म्हणून तिथले ब्रॅकेट साइटवर जागा बघून वेल्ड करायचे असं ठरलं होतं, मी वेल्ड टाकले पण शॉपच ठेवले. टेक्लामध्ये वेल्ड नुसता सिंबॉल नसतो, तो पार्ट जोडतो, शॉप वेल्ड टाकला की तो पार्ट त्या असेंब्लीत गेला. त्यामुळे माझा कॉलम ब्रॅकेट आणि त्याच्या पुढच्या तीन मीटर बीमसकट एकच असेंब्ली होऊन बसला. सरांनी वेल्ड बघून नाही पकडलं, त्यांनी ड्रॉइंगवरची एकूण रुंदी बघितली आणि विचारलं, हा ट्रकमध्ये जाणार कसा? साइट केल्यावर ब्रॅकेट वेगळा झाला, त्याला स्वतःचा मार्क (ओळख नंबर) मिळाला, सिंबॉलवर झेंडा आला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो झेंडा म्हणजे नुसतं चिन्ह नाही, हा तुकडा सुटा जाणार आणि वर कोणीतरी झुल्यावर बसून जोडणार असा निरोप आहे तो. तसंच पार्ट निवडायचा क्रम. आधी जो पिक केला तो मेन पार्ट. मी दोन ठिकाणी गसेट आधी पिक केलं होतं आणि अख्खा बीम गसेटचा सेकंडरी झाला होता, मार्कही गसेटच्या नावाने.

मग गर्दीचं. स्टीलच्या ड्रॉइंगवर साधारण एक टीप असते की वेगळं दिलं नसेल तर सगळे फिलेट वेल्ड (दोन प्लेटींच्या कोपऱ्यात भरलेले त्रिकोणी वेल्ड) ६ एमएम. अशी टीप असेल तर प्रत्येक ६ ला सिंबॉल दाखवायचा कशाला, जो वेगळा आहे तोच दिसला पाहिजे. टेक्लामध्ये ड्रॉइंगच्या वेल्ड सेटिंगमध्ये साईज लिमिट आहे, तिथे ६ टाकलं की ते गायब. मी टाकलं आणि ड्रॉइंग एका झटक्यात स्वच्छ झालं, इतका आनंद झाला की पूर्ण प्लॅटफॉर्मच्या सगळ्या शीटना तेच सेटिंग लावून टाकलं.

सरांनी ती सगळी बॅच परत पाठवली. प्लॅटफॉर्मच्या कडेला १०० बाय ५ ची टो प्लेट (पाय किंवा वस्तू कडेवरून घसरू नये म्हणून लावलेली उभी पट्टी) होती, तिला ३ एमएमचा तुटक वेल्ड, ५० लांब १२५ पिचने. त्यातला एकही सिंबॉल ड्रॉइंगवर नव्हता. कारण ते लिमिट फक्त तेवढ्याच साईजला लागू होणार की त्याहून लहानांनाही, हे एका ॲडव्हान्स्ड ऑप्शनवर ठरतं, वेल्ड फिल्टर टाईप, एक्झॅक्ट किंवा मिन. आमच्या सेटअपमध्ये मिन होतं, म्हणजे ६ च्या खालचे सगळे लपले. आता शॉपच्या नजरेने बघा, टो प्लेटवर सिंबॉल नाही, टीप म्हणते ६ एमएम, तर तो माणूस ५ एमएम प्लेटला पूर्ण लांबीभर ६ चा वेल्ड मारणार. आयएस ८०० या स्टील बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे प्लेटच्या चौकोनी कडेला वेल्डची साईज जाडीपेक्षा दीड एमएम तरी कमी हवी, म्हणजे इथे साडेतीनच्या वर जाताच येत नाही, आणि सलग वेल्डच्या उष्णतेने पातळ पट्टी नागमोडी होणार ते वेगळंच. आणि एवढं होऊनही ड्रॉइंगवर चुकीचं असं काहीच लिहिलेलं नव्हतं. ही गोष्ट माझ्या डोक्यात फार बसली. चुकीचा सिंबॉल कोणीतरी विचारतो, नसलेला सिंबॉल कोणी विचारत नाही.

एक्झॅक्ट केलं, मॉडेल परत उघडलं, ड्रॉइंग अपडेट, टो प्लेटचे सिंबॉल आले. तेव्हापासून मी लिमिट लावायच्या आधी मॉडेलमध्ये वेल्डच्या साईजची यादी काढून बघते, कुठली साईज किती ठिकाणी आहे ते.

तरीही एक राहिलं होतं, ते हाताने टाकलेले सिंबॉल. सुरुवातीला मी जे ड्रॉइंगमध्येच टाकले होते त्यांचा मॉडेलशी काही संबंध नसतो, मॉडेल बदललं तरी ते जागचे हलत नाहीत. एका ब्रॅकेटला डिझाईनवाल्यांनी वेल्ड ८ चा ६ केला, मी मॉडेलमध्ये बदलला, ड्रॉइंगवर माझा हाताचा ८ तसाच राहिला आणि ते ड्रॉइंग शॉपला गेलं. ६ आणि ८ मध्ये दोनच एमएमचा फरक वाटतो पण वेल्डचं मटेरियल साईजच्या वर्गाप्रमाणे वाढतं, ३६ ला ६४, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट, तेवढा वेळ, तेवढा इलेक्ट्रोड, तेवढी उष्णता. त्यात त्याच ब्रॅकेटबद्दल शॉपमधून दुसराच प्रश्न आला की हा वेल्ड मारायचा कुठून, म्हणून सर मला चाकणला त्यांच्या शेडमध्ये घेऊन गेले.

मी शॉप पहिल्यांदाच बघत होते. तिथे ड्रॉइंग वेल्डर वाचतच नाही. फिटर वाचतो, खडूने जॉबवर साईज लिहितो, टॅक (पार्ट जागेवर धरणारे छोटे टिपके) मारतो, आणि वेल्डर तो खडू वाचून वेल्ड मारतो. म्हणजे माझा सिंबॉल वाचणारा माणूस एकच, तो फिटर, पन्नाशीचे असतील, सगळे त्यांना मामा म्हणत होते. त्यांच्या हातात आमचं ए१ चं ड्रॉइंग ए३ वर काढलेलं, म्हणजे सगळं निम्म्यावर आलेलं, आमचा अडीच एमएमचा आकडा सव्वा एमएमचा झालेला, वर ग्राइंडिंगची काळी धूळ आणि बोटांचे ठसे. त्यांनी ब्रॅकेट दाखवला. दोन बाजूला गसेट, वरून कव्हर प्लेट, पेटीसारखा. "ताई, तुमचा बाण बाहेरून आहे पण वेल्ड रेषेच्या वर दाखवलाय, म्हणजे पलीकडून, आतून. झाकण लागल्यावर आत हात जातो का सांगा."

ते बरोबर होते. त्या जॉबला क्लायंटने एडब्ल्यूएसची (अमेरिकन वेल्डिंग सोसायटीची) पद्धत सांगितली होती, त्यात रेषेच्या खाली जे असतं ते बाणाच्या बाजूचं, रेषेच्या वर ते पलीकडच्या बाजूचं. मी सिंबॉल हाताने टाकताना आतल्या बाजूला जागा नव्हती म्हणून बाणाचं टोक गसेटच्या बाहेरून लावलं आणि चिन्ह वरच ठेवलं, कारण जुन्या सिंबॉलमध्ये ते वर दिसत होतं. बाण कुठल्या बाजूला टेकतो यावर वर-खालीचा अर्थ ठरतो हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण ओढताना मनात फक्त जागा होती. मामांनी खडूने "बाहेरून ६" लिहिलं आणि काम पुढे गेलं. त्यांनी विचारलं नसतं तर आधी आतून ८ मारून मग झाकण लावायचा खटाटोप झाला असता.

परत आल्यावर त्या जॉबमधले माझे हाताने टाकलेले सगळे सिंबॉल शोधून काढले, दोन दिवस गेले, आणि प्रत्येक ठिकाणी मॉडेलमध्ये वेल्ड नीट करून तोच सिंबॉल वर आणला. अक्षराची उंची साडेतीन केली. एकाच नमुन्याचे चार स्टिफनर असतील तर एकाला सिंबॉल आणि शेपटीत टिपिकल. ज्याला जागाच नाही त्याला वेगळं सेक्शन काढायचं, बाण ओढत बसायचं नाही.

पुढचे जॉब अमेरिकेचे आले, तिथे इंचात, पाव इंचाचा फिलेट शीअर टॅबला (बीम जिला बोल्ट होतो त्या प्लेटला) दोन्ही बाजूंनी, ते सोपं होतं. तिथे नवीन शिकले ते मोमेंट कनेक्शनचं, म्हणजे बीम-कॉलमच्या ताठ जोडाचं. बीमची फ्लँज कॉलमला पूर्ण जाडीने वेल्ड करायची, एका बाजूला तिरका छेद, मागे वितळलेला धातू धरायला बॅकिंग बार. अशा सिंगल बेव्हलला बाण मोडलेला काढतात आणि मोडलेला बाण ज्याच्याकडे टोक करतो त्याला छेद द्यायचा. बाण कॉलमकडे गेला तर शॉपवाला कॉलमची फ्लँज घासेल. शेपटीत सीजेपी (पूर्ण जाडीचा वेल्ड), वर साइटचा झेंडा. आणि टेक्लातला एआयएससी (अमेरिकन) पद्धतीचा ॲडव्हान्स्ड ऑप्शन चालू आहे का हे जॉब उघडल्या उघडल्या बघायचं, कारण आयएसओ आणि एआयएससीमध्ये वर-खालीची बाजू बदलते, मध्येच लक्षात आलं तर झालेली सगळी ड्रॉइंग परत बघावी लागतात.

मग एक छोटं युरोपचं काम आलं आणि तिथे मी आधीच विचारून घेतलं, कारण तिथे आकड्याच्या आधी अक्षर असतं. झेड ६ म्हणजे पायाची (वेल्डच्या त्रिकोणाच्या प्लेटला टेकलेल्या बाजूची) लांबी ६, ए ६ म्हणजे घशाची (कोपऱ्यापासून तिरक्या बाजूपर्यंतची) जाडी ६, म्हणजे पाय साडेआठचा. अक्षर गळालं तर वेल्ड एक तर कमी पडला नाहीतर त्याचं मटेरियल दुप्पट झालं. तुटक वेल्डचंही तसंच, अमेरिकन पद्धतीत ५०-१२५ मधला १२५ हा मध्यापासून मध्यापर्यंत, मधली मोकळी जागा ७५, आणि आयएसओमध्ये कंसातला आकडा ही मोकळी जागाच असते. आकडे तेच, वेल्ड वेगळा. आम्ही त्या जॉबच्या पहिल्या शीटवर एक छोटं चित्र काढून दोन्ही मापं दाखवली, आणि फॅब्रिकेटरने तेच चित्र पुढच्या जॉबलाही मागून घेतलं.

मागच्या महिन्यात त्याच प्लांटचं एक्स्टेन्शन आलं, जवळजवळ तसाच कॉलम. असेंब्ली ड्रॉइंग उघडलं तर नऊ सिंबॉल होते, त्यातले दोन मला हलवायला लागले. सरांनी पिवळ्या हायलायटरने एकेक करत नऊही रंगवले, एका स्टिफनरला लाल गोल केला, तिथे वेल्डची लांबी राहिली होती. ती मॉडेलमध्ये भरली, ड्रॉइंग ए३ वर काढलं, आणि हातभर लांब धरून वाचून बघितलं. आता माझी प्रत्येक शीट पाठवायच्या आधी मी हे करतेच.