इम्प्लांटनंतरचे दुखणे आणि गोळ्यांचा हिशेब

स्तनाच्या कर्करोगामुळे उजवा स्तन काढून त्याच शस्त्रक्रियेत सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून घ्यायचे ठरले, तेव्हा दुखणार हे मी गृहीतच धरले होते. मात्र ते इतक्या तऱ्हांनी दुखेल, याची कल्पना नव्हती. माझे इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली असल्याने ताणलेला स्नायू मधूनच आखडायचा आणि छाती करकचून आवळल्यासारखी वाटायची. टाक्यांपाशी ठणका असायचा, आणि पुढे नसा सावरू लागल्या तशी क्षणभर चमक येऊन जायची. हे सगळे त्रासदायक असले तरी अपेक्षित असते आणि हळूहळू ओसरते.

सुरुवातीच्या दिवसांत वेदना वाढण्याची वाट न पाहता गोळी ठरलेल्या वेळी घ्यावी, असे मला सांगितले होते, कारण एकदा चढलेला ठणका उतरवणे अवघड जाते. खरा धोका असतो तो बेरजेत. समजा, ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल दिवसातून तीनदा चालू आहे, म्हणजे १९५० झाले. सोबत ट्रॅमाडॉल या तीव्र वेदनाशामकाची जी मिश्र गोळी दिली जाते, तिच्यात बहुधा ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतेच, तीही तीनदा घेतली की एकूण २९२५ होतात. त्यात सर्दी झाली म्हणून कोणी मेडिकलमधून ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली गोळी आणून तीन वेळा दिली, तर आकडा ४४२५ वर जातो, आणि प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे; वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर त्याहूनही कमी. म्हणून प्रत्येक पाकिटावरील घटक वाचून वेळेसह वहीत लिहावेत.

शेजारच्या काकू प्रेमाने त्यांची गुडघेदुखीची गोळी घेऊन आल्या होत्या. ती डायक्लोफेनॅकची होती. अशा गोळ्या, तसेच ॲस्पिरिन, रक्तस्रावाची शक्यता वाढवू शकतात, त्यामुळे शल्यचिकित्सकांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. ट्रॅमाडॉलने गुंगी येते आणि पोट घट्ट होते. ते चालू असताना गाडी चालवू नये, मद्य घेऊ नये, आणि बद्धकोष्ठतेवर काय घ्यायचे ते आधीच विचारून ठेवावे, कारण कुंथताना छातीवर येणारा ताण चांगलाच जाणवतो.

आपल्याकडे दुखले की शेकण्याची सवय असते. इथे ती सोडावी लागते: शस्त्रक्रियेनंतर स्तनाची त्वचा बधिर असते, त्यामुळे गरम पाण्याच्या पिशवीने भाजले तरी कळत नाही, आणि बर्फानेही तशीच इजा होते.

गोळ्यांइतकाच आराम मला पाठीशी उशांची उतरंड रचून अर्धवट बसल्यासारखे झोपण्याने आणि पुढून उघडणाऱ्या, तार नसलेल्या ब्राने मिळाला. ड्रेनची, म्हणजे जखमेत साचणारा द्रव बाहेर काढणारी, नळी ओढली गेली की जीव कळवळतो. तिची बाटली गाऊनला आतून पिनेने अडकवली की ती लोंबत नाही. हात उंचावून फळीवरून काढावे लागू नयेत म्हणून स्वयंपाकाचे डबे आधीच ओट्यावर काढून ठेवावेत. हाताचे व्यायाम मात्र टाळू नयेत, पण ते फिजिओथेरपिस्टने सांगितल्याप्रमाणेच करावेत.

पॅरासिटामॉलने ताप झाकला जातो, म्हणून मी गोळीच्या आधी थर्मामीटर लावत असे. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, लाली पसरत असेल वा जखमेतून पू येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. एकच बाजू अचानक फुगून टणक झाली आणि गोळीनेही कळ थांबेना, किंवा धाप लागली, छातीत दुखू लागले, पोटरी सुजून दुखू लागली, तर पुढच्या गोळीची वेळ पाहत न बसता, रात्र असली तरी, तडक रुग्णालय गाठावे.