तुम्ही विचारलंत म्हणून: डर्मलला समुद्राचं पाणी चालतं का?

मालवणात माझं औषधांचं दुकान आहे आणि माझ्या गळ्याखाली, हाडाच्या जरा खाली, डर्मल आहे, म्हणजे टोचून कातडीतच बसवलेला दागिन्याचा खडा. त्यामुळे गोळ्या घ्यायला आलेल्या मुली पैसे देता देता हळूच विचारतात, "ताई, हे साफ कसं करायचं? समुद्राच्या पाण्यानं धुतलं तर चालेल ना? मीठच असतं त्यात." कालवाच्या शिंपीनं पाय कापला की समुद्रात बुडवून ठेव म्हणणारं कुणीतरी आपल्याकडे घरोघरी असतंच.

तर आधी त्याचंच. नको. जखम धुवायच्या सलाइनमध्ये लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असतं, आपल्या रक्ताला मानवेल एवढंच. समुद्रात ते साधारण ३५ ग्रॅम. एवढं खारं पाणी कोवळी कातडी सुकवतं, वर त्यात वाळू आणि जंतू. खाडीच्या कोमट, मचूळ पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जीवाणू वाढतात. उघड्या जखमेतून ते आत गेले तर मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांच्या अगदी जिवावर बेतू शकतं.

कान टोचणं वेगळं. तिथे भोक आरपार असतं, जखमेतून झरणारं पाणी, म्हणजे लस, दोन्हीकडून वाहून जाते. डर्मलला तोंड एकच. कातडीखाली टायटॅनियमची बारीक पट्टी सरकवलेली असते. तिला भोकं असतात, त्यांतून नवं मांस वाढतं आणि पट्टीला धरून ठेवतं. वर दिसणारा खडा तिच्यावर फिरकीनं बसवलेला असतो. ही पकड बसायला एक ते तीन महिने जातात आणि तोवर बसणारा प्रत्येक हिसका त्या पकडीलाच बसतो. म्हणून कानातल्या काडीसारखं हे फिरवत बसू नका.

साफ करायचं सकाळ-संध्याकाळ. आधी साबणानं हात, नखांखालूनसुद्धा. मेडिकलमध्ये एनएसची, म्हणजे नॉर्मल सलाइनची, १० मिलीची प्लास्टिकची कुपी मागा. तिचं टोक पिरगळून तोडायचं, गॉजची घडी भिजवायची आणि ती खड्यावर दोन-तीन मिनिटं नुसती ठेवायची. कडेला पांढरट-पिवळट खपली दिसते ती वाळलेली लस असते. तिला पू समजून घाबरू नका. ओलीनं ती फुगते, मऊ पडते आणि सुटायची असेल तर गॉजला लागून येते. नाही आली तर राहू दे. नखानं उकरायची नाही. कापूस नको, त्याचे तंतू खड्याखाली अडकतात. उरलेलं एनएस टाकून द्या, उघडी कुपी निर्जंतुक राहत नाही. घरी मीठ कालवायच्या भानगडीत पडू नका, प्रमाण चुकतंच.

मग कोरड्या गॉजनं टिपायचं. आपल्याकडे पावसाळ्यात हे धुण्याइतकंच महत्त्वाचं. जुलैत टॉवेल दिवसेंदिवस वाळत नाही, कुबट वास मारतो. तोच गळ्यावरून ओढला की जंतूही लागतात आणि धाग्यात अडकून खड्याला हिसकाही बसतो. वाहत्या पाण्याची अंघोळ चालते. विहीर गढूळ झाली असेल तर शेवटी वरून सलाइन ओता.

डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी नवी कातडीच भाजते. मलमं मी विकते, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय यासाठी देत नाही. हळद-खोबरेलावरून मात्र घरात वाद होतात, मला ठाऊक आहे. आजीची माया खरी आहे, पण हळदीचे कण खड्याखाली साचतात, तेलानं ते एकुलतं तोंड बुजतं आणि लस आत कोंडते. आजीला हे नीट समजावून सांगा, ऐकतात त्या.

मंगळसूत्र, ओढणी, सॅकचा पट्टा यांना जपा. गणपतीत फुगडी घालायचीच असेल तर तेवढ्यापुरती वरून गॉज आणि मायक्रोपोरची कागदी चिकटपट्टी लावा, घामानं भिजलं की लगेच काढा. माझ्या मते डर्मल मे महिन्यात करूच नये. घाम, पाहुणे, रोजचं पोहणं, जखमेला उसंतच मिळत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर केलंत तर तारकर्लीचं स्नॉर्केलिंग तसंही बंद असतं. ते सुरू झालं तरी तीन महिने भरल्यावर, टोचणाऱ्याला दाखवूनच पाण्यात उतरा.

काहींचं शरीर डर्मल बाहेर ढकलतं. खडा तिरका होतो, भोवतीची कातडी पातळ, चकचकीत दिसते, पट्टीची कड वर येते. तसं झालं तर टोचणाऱ्याकडे जा. लाली पसरत चालली, जागा गरम लागून ठणकू लागली, दाट हिरवट पू आला किंवा ताप भरला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरी चिमट्यानं ओढून काढू नका, वरचं तोंड मिटून पू आतच अडकू शकतो. आणि पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर मशीनवर झोपण्याआधी तिथल्या माणसाला डर्मल असल्याचं सांगा.