एअर रायफलचा जोर कमी झालाय? स्प्रिंगवर संशय सगळ्यात शेवटी घ्या

छर्रा आधी जिथे आरपार जायचा तिथे आता नुसता पोचा पाडतोय, असं दिसलं की बहुतेक जण थेट नवी स्प्रिंग मागवतात. पण छऱ्याला ढकलते ती हवा. स्प्रिंग फक्त पिस्टन पुढे फेकते. पिस्टनपुढची हवा दाबली जाते आणि सिलिंडरच्या तोंडाशी असलेल्या जेमतेम ३-४ मिलिमीटरच्या भोकातून, म्हणजे ट्रान्सफर पोर्टमधून, छऱ्याच्या मागे येते. या वाटेत हवा कुठेही निसटली तर स्प्रिंग कितीही दमदार असो, उपयोग शून्य. म्हणून तपासणी बाहेरून आत करत जायची.

आधी मोजा. क्रोनोग्राफ, म्हणजे छऱ्याचा वेग मोजायचं यंत्र, नळीच्या तोंडापासून साधारण १ मीटरवर ठेवा, पहिले दोन-तीन बार सोडून द्या आणि पुढचे १० लिहून ठेवा. ०.५१ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७५ मीटरने जात असेल तर ऊर्जा होते ७.८ ज्यूल, तोच १३० वर आला तर ४.३. वेग पाव हिश्शाने घटला, ऊर्जा मात्र जवळपास निम्मी झाली. सरासरीइतकंच आकड्यांचं पसरणंही बघा. सगळे आकडे कमी, पण एकमेकांच्या जवळ असतील तर थकलेली स्प्रिंग, फार घट्ट ग्रीस किंवा न मानवणारा छर्रा यांकडे बोट जातं. आकडे १५-२० मीटरने वरखाली उड्या मारत असतील तर गळती, नाहीतर आत तेल जळतंय.

मग छर्रा बदलून बघा, यात काही उघडावं लागत नाही. छर्रा नुसता ठेवल्यावर आपोआप आत घसरत असेल तर तो सैल आहे: दाब तयार व्हायच्या आधीच तो निघून जातो आणि पिस्टन गादीशिवाय आपटतो. फार जड छऱ्याचं उलटं होतं. तो जागचा हलायला वेळ घेतो, तेवढ्यात पिस्टन दाबाने मागे उसळतो आणि ताकद वाया जाते. अंगठ्याच्या दाबाने नीट बसणारे, वेगवेगळ्या वजनाचे तीन-चार प्रकार मोजून बघा. नळीत शिसं साठलंय का तेही ब्रीचच्या, म्हणजे छर्रा भरायच्या, बाजूने कापड ओढून बघून घ्या.

आता ब्रीच. नळी खाली वाकवून कॉक करायच्या, म्हणजे स्प्रिंग दाबून अडकवायच्या, रायफलीत नळी आणि सिलिंडर जिथे मिळतात तिथे ओ-रिंग किंवा चामड्याचं वॉशर असतं. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी त्या सांध्यावर सैल ठेवा, छर्रा भरून सुरक्षित दिशेला बार काढा. पट्टी फडफडली की गळती सापडली. सील टाचणीने काढून नवं बसवा. ते खाचेतून केसभर वर यायला हवं. खाली बसत असेल तर त्याच्याखाली ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकची गोल चकती घाला. चकती जाड झाली तर नळी नीट बंद होत नाही. नळी डावी-उजवीकडे हलत असेल तर आधी बिजागरीचा बोल्ट आवळा, नाहीतर नवं सीलही आठवडाभरात चिरडेल.

तेलाबद्दल जरा खडसावूनच सांगायला हवं. जोर कमी झाला म्हणून पोर्टमध्ये मशीनचं तेल सोडलं की पुढचे काही बार धडाक्यात निघतात, धूर येतो आणि दुरुस्ती जमल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात दाबाने तापलेल्या हवेत ते तेल पेटत असतं, आणि त्यात सील जळतं, स्प्रिंगही तुटू शकते. पिस्टनच्या तोंडावरचं सील चामड्याचं असून सुकलं असेल तर मात्र दोन-तीन थेंब सिलिकॉन तेल पोर्टमधून सोडून रायफल रात्रभर नळी वर करून उभी ठेवा. बरेचदा तेवढ्यानेच जोर परततो. सिंथेटिक सीलला जवळजवळ काहीच लागत नाही. आणि सिलिकॉन तेल स्प्रिंगला लावू नका, धातूवर धातू घासतो तिथे ते कुचकामी आहे.

एवढं करूनही आकडे हलले नाहीत आणि बार काढताना कोरडा 'खट्' आवाज येत असेल तर पिस्टनचं सील. इथे रायफल उघडावी लागते. ती कॉक केलेली नाही आणि छर्रा नाही याची खात्री करा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय मागची पिन काढू नका. आराम अवस्थेतली स्प्रिंगही कित्येक सेंटिमीटर दाबलेली असते, मागचा ठोकळा तोंडावर येतो.

पिस्टन बाहेर आला की स्प्रिंग काढून घ्या, पिस्टन एकटाच सिलिंडरमध्ये सरकवा आणि पोर्टवर बोट ठेवून दाबा. सील चांगलं असेल तर तो हवेच्या गादीवर अडून मागे उसळतो. सरळ तळाला टेकला तर सील बदला. नवं सील बसवताना घात होतो तो कॉकिंगच्या लांब खाचेपाशी: तिच्या धारदार कडा सीलची ओठासारखी कड कापून टाकतात आणि नवी गळती घेऊनच रायफल बंद होते. कडा बारीक पॉलिश पेपरने गोल करा आणि सील सरकवताना खाचेवर आतून पातळ प्लॅस्टिकची पट्टी धरा. पोर्टमध्ये जुन्या सीलचा तुकडा अडकलाय का, तेही बघा.

आता स्प्रिंग. काचेवर लोळवा, डुगडुगली तर वाकली आहे. टोकाची वेटोळी तपासा. टोकापाशी तुटलेली स्प्रिंग बार काढत राहते, फक्त कॉक करताना करकर ऐकू येते. मूळ लांबीपेक्षा बरीच आखडली असेल तर बदला, पण कंपनीने सांगितलेल्या मापाचीच घ्या. जास्त कडक स्प्रिंगने पिस्टन अधिक उसळतो, धक्का वाढतो, वेग फारसा नाही. मॉलिब्डेनमचं ग्रीस स्प्रिंगला, तिला आतून सरळ धरणाऱ्या दांडीला (गाईडला) आणि पिस्टनच्या मागच्या अंगाला पातळ लावा. सीलच्या पुढे अजिबात नको.

जोडल्यानंतरचे पहिले २०-३० बार ग्रीस जळाल्यामुळे फुगलेला वेग दाखवतात. ते होऊ द्या, मग त्याच छऱ्याने पुन्हा १० मोजा आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहा.