बर्फ ओला, उत्तर 72

बर्फाचा अप्रकट उष्मा, म्हणजे शून्यावरचा एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला लागणारी उष्णता, काढायचा प्रयोग पुस्तकात पाच ओळींचा आहे. कोमट पाण्यात बर्फ टाका, तापमान किती उतरलं बघा, ग्रॅमला 80 कॅलरी. माझं उत्तर आधी 72 आलं, मग 89. जर्नलात सरळ 79.8 लिहून मोकळे होणारे तेव्हा शहाणे वाटले.

घोळ सगळा बर्फाचा. फ्रीझरमधून काढून तसाच टाकला तर तो उणे 18 अंशांचा असतो. शून्यावर यायलाच ग्रॅममागे 9 कॅलरी खातो आणि त्या वितळण्याच्या खात्यावर चढतात, झाले 89. बाहेर ठेवला तर पाघळतो. अंगाला चिकटलेल्या पाण्याला वितळायला काही लागत नाही, पण वजनात ते बर्फ म्हणूनच धरलं जातं. दहा टक्के पाणी गेलं, उत्तर दहा टक्क्यांनी खाली.

म्हणून खडे सुपारीएवढे घ्या; चुरा केलात तर फार पाणी धरतो. वरची पांढरी झाक जाऊन खडा काचेसारखा ओला चमकू लागला, की आणखी चार-पाच मिनिटं थांबा, आतला गाभाही शून्यावर येऊ दे. मग टिपकागदात घोळवा, चिमट्यानं उचला, लगेच आत. बोट लावू नका. टिपकागद नसेल तर जुनं सुती फडकं चालतं. खडा तरंगत ठेवू नका, जाळीच्या ढवळणीनं खाली दाबून धरा.

हो, बर्फ वेगळा तोलायचाच नाही. शेवटी भांडं पुन्हा काट्यावर ठेवा. वाढलेलं वजन तोच बर्फ.

तांब्याचं भांडं 60 ग्रॅम, पाणी 150 ग्रॅम. खोली 28 अंशांवर असेल तर पाणी 33 वर सुरू करा. 15 ग्रॅम बर्फानं ते 23 वर येतं. आधी बाहेर गेलेली उष्णता नंतर आत येते, हिशेब साधारण फिटतो. मुंबईच्या जुलैत हे जमत नाही. दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतली वाफ पाणी होऊन जमते तो, 25 च्या आसपास असतो, भांड्याला बाहेरून घाम फुटतो. तो ग्रॅममागे 580 च्या आसपास कॅलरी भांड्याला देतो, वर वजनातही बर्फ म्हणून शिरतो. खोली 30 वर असताना 34 पासून 26 पर्यंतच जा, 12 ग्रॅम बर्फ पुरे.

आणि थर्मामीटर! शेवटचं तापमान अर्धा अंश चुकलं की उत्तर पाच-सहा कॅलरींनी हलतं. हातात दिलेला एकेका अंशाच्या खुणांचा होता. 0.2 अंशाचा मागून घेतला तेव्हा 78 आलं. जर्नलात तेच गेलं.